एसा ग्रे

एसा ग्रे (१८ नोव्हेंबर १८१०, सॉकॉइट, न्यू यॉर्क राज्य – ३० जानेवारी १८८८, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) हे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. इ.स. १८४२ पासून अखेरपर्यंत ते हार्वर्ड विद्यापीठाशी संलग्न होते. उत्तर अमेरिकेतील वनस्पतींच्या वर्गीकरणाची शिस्तबद्ध घडी त्यांनी बसवली. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका या दोन दूरस्थ प्रदेशांतील वनस्पतींचे आप्तसंबंध त्यांनी उलगडून दाखवले. चार्ल्स डार्विन यांच्या उत्क्रांतिसिद्धांताचे अमेरिकेतील पहिले समर्थ पाठीराखे म्हणूनही ते ओळखले जातात. या मोठ्या कामगिरीच्या जोडीने त्यांच्या चरित्रात एका लहानशा रानफुलाचा शोध आयुष्यभर चालू राहिलेला दिसतो. शॉर्टिया गॅलॅसिफोलिया हे त्याचे शास्त्रीय नाव असून स्थानिक लोक त्याला ओकोनी बेल्स म्हणतात. वसंताच्या अगदी प्रारंभी फुलणाऱ्या या वनस्पतीला ग्रे यांनी एका वाळलेल्या, फूल नसलेल्या नमुन्यावरून नाव दिले आणि ती रानात सापडण्यासाठी त्यांना जवळजवळ चार दशके वाट पाहावी लागली.

बालपण व शिक्षण

ग्रे यांचे वडील मोझेस ग्रे हे कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. आईचे नाव रोक्साना हॉवर्ड. आठ भावंडांत एसा थोरले होते. कातडी कमावण्यासाठी झाडांची साल दळावी लागे. सालीच्या घाण्याला जुंपलेला घोडा हाकणे आणि घाण्यात साल टाकत राहणे हे काम लहानपणी त्यांच्याकडे असे. पुढे त्यांना फेअरफिल्ड येथील शाळेत आणि नंतर तेथीलच वैद्यकीय महाविद्यालयात घालण्यात आले. तेथे रसायनशास्त्र व औषधिद्रव्ये शिकवणारे जेम्स हॅडली यांच्यामुळे त्यांना निसर्गविज्ञानाची गोडी लागली. १८३१ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली, मात्र वैद्यकीचा व्यवसाय त्यांनी अल्पकाळच केला.

वनस्पतिशास्त्राकडे ते वळले ते एका विश्वकोशामुळे. १८२७-२८ च्या हिवाळ्यात डेव्हिड ब्रूस्टर यांनी संपादित केलेल्या एडिंबरो विश्वकोशातील वनस्पतिशास्त्रावरील नोंद त्यांच्या वाचनात आली. त्या वाचनाने भारावून जाऊन त्यांनी एमॉस ईटन यांचे वनस्पती ओळखण्याचे हस्तपुस्तक विकत घेतले. पुस्तक हाती आले तेव्हा बाहेर बर्फ होता. रानात पडताळून पाहण्याजोगे काहीच नव्हते. वसंत ऋतू येताच सतरा वर्षांचा हा मुलगा रानात गेला आणि त्याला जे पहिले फूल दिसले ते पुस्तकातील कोष्टकांच्या आधारे ओळखू लागला. एकेक लक्षण ताडून पाहत तो क्लेटोनिया व्हर्जिनिका या नावापर्यंत पोहोचला.

क्लेटोनिया ही फिकट गुलाबी रेषांच्या पाकळ्या असणारी, वीतभर उंचीची नाजूक वनस्पती आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडी अरण्यांत वसंतारंभी फुलणाऱ्या वनस्पतींचा जो एक खास वर्ग आहे, त्यात तिची गणना होते. या वनस्पतींचे आयुर्मान वृक्षांच्या पालवीशी बांधलेले असते. बर्फ वितळल्यापासून मेपल, बीच इत्यादी वृक्षांना पाने फुटेपर्यंतच सूर्यप्रकाश थेट जमिनीवर पोहोचतो. तेवढ्या थोड्या आठवड्यांत जमिनीतील कंदात साठवलेल्या अन्नावर रोप वर येते, फुलते, फळते आणि वरचे छत दाट होताच पानांसकट दिसेनासे होते. उन्हाळ्यात त्याच जागी गेलेल्या माणसाला तेथे काही होते याचा मागमूसही लागत नाही. महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे रानफुलांचा बहर येतो तो श्रावण-भाद्रपदातला, सह्याद्रीच्या सड्यांवरचा. त्या बहराचा सूत्रधार पाऊस असतो, येथे ते काम प्रकाश करतो. परंतु थोडक्या मुदतीत सर्व काही उरकण्याची घाई दोन्हीकडे सारखीच आहे.

ग्रे यांची ही पहिली ओळख पुढे सदोष ठरली. त्यांना सापडलेली जाती वस्तुतः क्लेटोनिया कॅरोलिनियाना ही होती, परंतु ईटन यांच्या पुस्तकात या दोन जाती वेगळ्या केलेल्या नव्हत्या. ही बाब ग्रे यांनी स्वतःच आत्मवृत्तात नोंदवून ठेवली आहे.

टॉरी यांचा सहवास

त्या काळी न्यू यॉर्क येथील जॉन टॉरी हे अमेरिकन वनस्पतिशास्त्रातील सर्वांत अधिकारी अभ्यासक मानले जात. ग्रे यांनी आपल्या संग्रहातील नमुने त्यांच्याकडे पाठवले व त्यातून उभयतांचा पत्रव्यवहार सुरू झाला. काही काळ युटिका येथे शिक्षकाची नोकरी केल्यानंतर ग्रे टॉरी यांचे साहाय्यक झाले. १८३६ मध्ये त्यांचे वनस्पतिशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारे पहिले पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. १८३८ पासून टॉरी व ग्रे यांनी मिळून उत्तर अमेरिकेच्या वनश्रीचा ग्रंथ खंडशः प्रकाशित करण्यास प्रारंभ केला.

या ग्रंथकार्यातील एक अडचण मूलभूत स्वरूपाची होती. अमेरिकेतील बहुसंख्य वनस्पतींना युरोपीय अभ्यासकांनी नावे दिलेली होती आणि ज्या मूळ नमुन्यांवरून ती दिली गेली ते लंडन, पॅरिस आदी शहरांतील संग्रहांत होते. ते नमुने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आपल्या रानातील वनस्पतीचे खरे नाव कोणते, हे अमेरिकन अभ्यासकाला खात्रीने सांगता येत नसे. ही संधी ग्रे यांना अनपेक्षितपणे लाभली. नव्याने उभ्या राहत असलेल्या मिशिगन विद्यापीठाने १८३८ मध्ये त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक केली आणि ग्रंथालयासाठी पुस्तके खरेदी करण्याकरिता त्यांना ५,००० डॉलर देऊन युरोपला पाठवले. मिशिगनमध्ये शिकवण्याचा योग त्यांना कधी आला नाही, परंतु या वर्षभराच्या प्रवासात त्यांनी युरोपातील महत्त्वाचे वनस्पतिसंग्रह बारकाईने पाहिले.

पॅरिसमधील अनामिक नमुना

१८३९ मध्ये पॅरिसच्या राजोद्यानात, म्हणजे जार्दँ द प्लांत येथे, ग्रे फ्रेंच संग्राहक आंद्रे मिशो यांचे नमुने तपासत होते. मिशो (१७४६–१८०२) यांना फ्रान्सच्या राजाने उपयुक्त वृक्ष व वनस्पती मिळवण्यासाठी अमेरिकेत पाठवले होते. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदराजवळ बाग उभारून त्यांनी तेथून दक्षिण ॲपालाचियन पर्वतांत अनेक खडतर प्रवास केले होते. त्यांच्या संग्रहात नाव न दिलेल्या नमुन्यांमध्ये ग्रे यांना एक विलक्षण वनस्पती आढळली. तिची पाने गोलसर, दातेरी कडांची होती आणि देठावर एकच फळ होते. फूल नव्हते. नमुन्याच्या चिठ्ठीवर कॅरोलिनाच्या उंच पर्वतांतून आणल्याचा फ्रेंच भाषेतील मोघम उल्लेख होता. मिशो यांच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या वनस्पतीचे वर्णन नव्हते.

ही वनस्पती ज्ञात असलेल्या कोणत्याच प्रजातीत बसत नाही, असे ग्रे यांचे मत झाले. फूल न पाहता केवळ पाने आणि फळ यांवरून नवी प्रजाती स्थापणे हे धाडसाचे काम होते, कारण सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण मुख्यतः फुलाच्या रचनेवर आधारलेले असते. तरीही १८४२ मध्ये त्यांनी तिला शॉर्टिया गॅलॅसिफोलिया असे नाव दिले. प्रजातीचे नाव केंटकी राज्यातील वैद्य व वनस्पतिसंग्राहक चार्ल्स विल्किन्स शॉर्ट यांच्या गौरवार्थ होते. पाने गॅलॅक्स या दुसऱ्या एका पहाडी वनस्पतीसारखी दिसतात, म्हणून जातीचे नाव गॅलॅसिफोलिया. नाव तर दिले, पण ती वनस्पती जिवंत पाहिलेला एकही माणूस त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हता.

उंच पर्वतांतील निष्फळ शोध

युरोपातून परतल्यावर ग्रे यांनी १८४१ च्या उन्हाळ्यात जॉन कॅरी व जेम्स कॉन्स्टेबल या सोबत्यांसह उत्तर कॅरोलिनाच्या पर्वतांचा दौरा केला. मिशो ज्या वाटांनी गेले होते त्यांपैकी काही वाटा त्यांनी धुंडाळल्या. ग्रँडफादर पर्वत चढले, रोन पर्वताचे माथे पायाखाली घातले. दुर्मीळ वनस्पती पुष्कळ मिळाल्या. रोन पर्वतावरील तांबड्या रंगाच्या एका लिलीला पुढे त्यांच्या नावावरून लिलियम ग्रेयी असे नाव मिळाले. शॉर्टिया मात्र कोठेही आढळली नाही. १८४३ मध्ये विल्यम सलिव्हंट यांच्यासोबत त्यांनी पुन्हा हे पर्वत पालथे घातले, तेव्हाही पदरी निराशाच आली.

या अपयशाची कारणे आज स्पष्ट दिसतात. पहिले कारण म्हणजे ती चिठ्ठी. उंच पर्वत हा उल्लेख वाचून शोध घेणारे शिखरांकडे वळत राहिले. वास्तविक शॉर्टिया शिखरांवर वाढत नाही. पर्वतांच्या पायथ्याकडील अरुंद घळींत, ओढ्यांच्या ओल्या सावलीच्या काठांवर, रोडोडेन्ड्रॉनच्या दाट झुडपांखाली तिची वस्ती असते. दुसरे कारण ऋतूचे. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत, इतर बरीचशी झाडे निष्पर्ण असतानाच, तिला फुले येतात. त्या दिवसांत पहाडी वाटा चिखलाने भरलेल्या असत आणि महाविद्यालयांच्या सुट्ट्या लागलेल्या नसत. अभ्यासक येत ते जून-जुलैत. क्लेटोनियाप्रमाणे शॉर्टिया उन्हाळ्यात नाहीशी होत नाही. तिची चकचकीत पाने बारमाही टिकतात आणि थंडीत तांबूस होतात. परंतु फूल नसताना ती पाने गॅलॅक्सच्या पानांमध्ये सहज मिसळून जातात. गॅलॅक्स तर त्या डोंगरांत जागोजागी पसरलेली आहे. ज्या साम्यावरून ग्रे यांनी जातीचे नाव योजले, त्याच साम्याने शोधकांची नजर चुकवली असणे शक्य आहे.

पुढील काळात दक्षिणेकडे जाणाऱ्या संग्राहकांना ग्रे या वनस्पतीविषयी सांगत राहिले. शोध लांबत गेला तशी ही प्रजाती खरोखर अस्तित्वात आहे काय, अशी शंका काहींना येऊ लागली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते शॉर्ट १८६३ मध्ये निवर्तले. आपल्या नावाची वनस्पती त्यांना कधीच पाहायला मिळाली नाही.

हार्वर्डमधील कार्य

१८४२ मध्ये हार्वर्डने ग्रे यांना निसर्गेतिहासाच्या फिशर अध्यासनावर नेमले. वार्षिक वेतन १,००० डॉलर होते. विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानातील घरात त्यांचे वास्तव्य असे. १८४८ मध्ये त्यांचे लग्न जेन लोरिंग यांच्याशी झाले. त्याच वर्षी उत्तरेकडील राज्यांतील वनस्पती ओळखण्याचे त्यांचे हस्तपुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच्या सुधारित आवृत्त्या त्यांच्या पश्चातही निघत राहिल्या आणि रानात फुले शोधणाऱ्या हौशी मंडळींच्या कित्येक पिढ्यांनी ते पिशवीत बाळगले. ईटन यांच्या पुस्तकाने तरुण ग्रे यांच्यासाठी जे काम केले होते तेच काम, अधिक अचूकपणे, या पुस्तकाने इतरांसाठी केले.

ग्रे यांचा बहुतेक काळ रानाऐवजी टेबलापाशी गेला, हे मान्य केले पाहिजे. पश्चिमेकडील सर्वेक्षणे, लष्करी मोहिमा व खाजगी संग्राहक यांच्याकडून येणाऱ्या नमुन्यांचा ओघ इतका मोठा होता की त्यांचे वर्णन करण्यातच वर्षे सरत. हे नमुने व पुस्तके त्यांनी १८६४ मध्ये विद्यापीठाला देऊ केली. त्या वेळी संग्रहात सुमारे २,००,००० नमुने व २,२०० ग्रंथ होते. संग्रह आगीपासून सुरक्षित अशा इमारतीत ठेवावा, ही त्यांची अट होती. ग्रे हर्बेरियम या नावाने तो आजही हार्वर्डमध्ये आहे.

जपान व अमेरिका यांचा वनस्पतिसंबंध

१८५० च्या दशकात उत्तर पॅसिफिक समुद्रातील अमेरिकन संशोधन मोहिमेबरोबर गेलेल्या चार्ल्स राइट यांनी जपानमधून मोठा वनस्पतिसंग्रह आणला. तो तपासताना ग्रे यांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. जपानच्या वनस्पती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वनस्पतींपेक्षा पूर्वेकडील, म्हणजे अधिक दूरच्या अरण्यांतील वनस्पतींशी जास्त जुळत होत्या. बर्फातूनच डोके वर काढणारी सिम्प्लोकार्पस ही वनस्पती दोन्हीकडे आहे. ट्रिलियम आणि कॉलोफायलम यांसारख्या वसंतात फुलणाऱ्या प्रजातींच्या जातीही दोन्ही प्रदेशांत आढळतात. पोडोफायलम या प्रजातीची एक जाती पूर्व अमेरिकेत तर दुसरी हिमालयात वाढते.

१८५९ मध्ये ग्रे यांनी याचे स्पष्टीकरण मांडले. प्राचीन काळी हवामान उबदार असताना उत्तर गोलार्धात एकसलग वनपट्टा होता. पुढे हिमयुगात तो दक्षिणेकडे ढकलला गेला व मधल्या प्रदेशांतून नष्ट झाला. पूर्व आशिया आणि पूर्व अमेरिका येथे त्याचे अवशेष तग धरून राहिले. एकाच पूर्वजापासून विभक्त झालेल्या शाखा आज दोन खंडांत दिसतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. हार्वर्डमधील त्यांचे सहकारी लुई अगासी यांच्या मते प्रत्येक जाती तिच्या ठिकाणीच स्वतंत्रपणे निर्माण झाली होती. त्या वर्षी बॉस्टन येथील विद्वत्सभेत या दोघांत झालेला वाद अमेरिकन विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

या वादामागे डार्विन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार होता. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत जाहीर होण्यापूर्वी ज्या मोजक्या व्यक्तींना डार्विन यांनी तो विश्वासात घेऊन सांगितला, त्यांत ग्रे होते. सप्टेंबर १८५७ मध्ये डार्विन यांनी त्यांना पाठवलेल्या पत्रातील सारांश १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत आल्फ्रेड वॉलेस यांच्या निबंधाबरोबर वाचला गेला. डार्विन यांच्या ग्रंथाचे ग्रे यांनी केलेले परीक्षण १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रे श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि उत्क्रांती व ईश्वरावरील श्रद्धा यांत विरोध नाही असे ते मानीत. डार्विन यांना हे पटले नाही, पण त्यामुळे उभयतांच्या स्नेहात अंतर पडले नाही. फुलांच्या विविध रूपांविषयीचा १८७७ चा आपला ग्रंथ डार्विन यांनी ग्रे यांना अर्पण केला.

जपानच्या अभ्यासाचा शॉर्टियाशीही संबंध आला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल मॅक्सिमोविच यांनी जपानमधील एका वनस्पतीचे वर्णन स्किझोकोडॉन युनिफ्लोरस या नावाने केले होते. ही आपल्या हरवलेल्या शॉर्टियाचीच सख्खी बहीण आहे, असे ग्रे यांनी ओळखले. आज ती शॉर्टिया युनिफ्लोरा या नावाने ओळखली जाते. कॅरोलिनातील वनस्पती सापडण्याआधीच तिचे फूल साधारण कसे असावे, याचा अंदाज या जपानी नातलगामुळे बांधता आला. पॅरिसमधील त्या एका फळावरून काढलेला निष्कर्ष काल्पनिक नव्हता, यासही त्यातून बळ मिळाले.

कटाबा नदीकाठचा शोध

मे १८७७ मध्ये उत्तर कॅरोलिनातील मॅकडॉवेल परगण्यात, मॅरियन गावाजवळ, कटाबा नदीच्या काठी जॉर्ज हायम्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला एक अनोळखी वनस्पती दिसली. त्याचे वडील मॉर्डेकाय हायम्स हे स्टेट्सव्हिल येथे औषधी वनस्पतींच्या व्यापारात होते. दुकानासाठी मुळे-पाने गोळा करणाऱ्या या पितापुत्रांना आपल्या हाती काय लागले आहे याची कल्पना नव्हती. नमुना जवळजवळ दीड वर्ष ओळखीविना पडून राहिला. अखेर १८७८ मध्ये तो रोड आयलंड येथील जोसेफ काँगडन या अभ्यासकाकडे पोहोचला. त्यांना शॉर्टियाची शंका आली व त्यांनी ग्रे यांना कळवले.

नमुना पाहताच ग्रे यांची खात्री पटली. यात पाने होती आणि फूलही होते. त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांची सदस्य म्हणून निवड केली होती. मात्र त्या सन्मानापेक्षा या फुलाने आपल्याला कितीतरी अधिक समाधान दिले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या वेळी त्यांचे वय अडुसष्टच्या घरात होते. पॅरिसमधील नमुना त्यांनी पाहिला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

१८७९ मध्ये पत्नी जेन तसेच चार्ल्स सार्जंट, विल्यम कॅनबी व जॉन रेडफील्ड या सहकाऱ्यांसह ग्रे स्वतः मॅरियनला गेले. हायम्स यांनी त्यांना जागा दाखवली. नदीकाठच्या काही चौरस यार्डांच्या तुकड्यात ती वनस्पती दाटीने उगवली होती. ज्या उंच शिखरांवर ग्रे यांनी तारुण्यात तिचा शोध घेतला होता ती तेथून दूर आणि कितीतरी वर होती. फुलांचा हंगाम मात्र या खेपेसही उलटून गेला होता. आसपासच्या टेकड्यांवर शोध घेऊनही दुसरी वस्ती आढळली नाही.

कीओवीचे उगमस्थान

मॅरियनची जागा सापडली तरी मिशो यांनी नमुना नेमका कोठून घेतला, हे कोडे कायम होते. मिशो यांची रोजनिशी फिलाडेल्फिया येथे जतन करण्यात आली होती. त्यात डिसेंबर १७८८ मधील कीओवी नदीच्या उगमाकडील प्रवासाची नोंद असून, नदीपासून जवळच डोंगरावर सरपटत वाढणाऱ्या दातेरी पानांच्या एका नव्या झुडपाचा उल्लेख आहे. त्या ठिकाणी पोहोचण्याची वाटही मिशो यांनी तपशिलाने लिहून ठेवली होती. सप्टेंबर १८८६ मध्ये सार्जंट मिशो यांच्या एका मॅग्नोलिया वृक्षाचा शोध घेत या भागात गेले असता त्यांना एका वनस्पतीची पाने मिळाली आणि ती शॉर्टियाची ठरली. मिशो गेले होते ते हेच खोरे होते. येथे ती मॅरियनप्रमाणे तुरळक नव्हती. ओढ्यांच्या काठांनी तिचे गालिचे पसरलेले होते. डिसेंबरात आलेल्या मिशो यांच्या नमुन्यात फूल का नव्हते, याचाही उलगडा त्या नोंदीतील तारखांवरून होतो.

अखेरची वर्षे

१८७३ मध्ये अध्यापनातून निवृत्त झाल्यावरही ग्रे यांचे लेखन चालूच होते. १८७७ मध्ये त्यांनी जोसेफ हुकर यांच्यासोबत अमेरिकेच्या पश्चिम भागाचा दौरा केला. १८ नोव्हेंबर १८८५ रोजी त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त देशभरातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गणी काढून त्यांना चांदीची फुलदाणी भेट दिली. तिच्यावर त्यांच्या जीवनकार्याशी संबंधित वनस्पती कोरलेल्या होत्या. एका बाजूस मानाच्या जागी त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ग्रेया ही वनस्पती होती, तर दुसऱ्या बाजूस शॉर्टिया.

१८८७ मध्ये त्यांनी अखेरचा युरोप प्रवास केला. ऑक्सफर्ड, केंब्रिज व एडिंबरो या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. परत आल्यावर नोव्हेंबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला व ३० जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले. केंब्रिजमधील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांची समाधी आहे. जेन ग्रे यांनी संपादित केलेली त्यांची पत्रे, आत्मवृत्तासह, १८९३ मध्ये दोन खंडांत प्रकाशित झाली. नैसर्गिक अधिवासात बहरलेली शॉर्टिया पाहण्याचा योग ग्रे यांना लाभला नाही.

शॉर्टियाचा अधिवास आज

शॉर्टियाचे फूल पांढरे, क्वचित गुलाबी छटेचे, घंटेच्या आकाराचे असते. पाकळ्यांच्या कडा दंतुर असतात आणि प्रत्येक तांबूस दांड्यावर एकच फूल येते. जमिनीलगत धावणाऱ्या खोडांनी ती पसरते. बी दूरवर जात नाही, त्यामुळे एका घळीतून दुसऱ्या घळीत तिचा प्रसार फार मंद गतीने होतो. उत्तर कॅरोलिना, दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया या राज्यांच्या सीमा जेथे जवळ येतात, त्या लहानशा टापूत तिची बहुतेक नैसर्गिक वस्ती आहे. हायम्स यांना सापडलेली मॅकडॉवेल परगण्यातील वनस्पती या मुख्य वस्तीपासून तुटलेली असून तिच्या फुलातील किंजल आखूड असतो. १९५२ मध्ये तिला ब्रेव्हिस्टायला या वेगळ्या प्रकाराचा दर्जा देण्यात आला.

कीओवीच्या उगमाकडील खोऱ्यात विसाव्या शतकात वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्यात आले व १९७३ च्या सुमारास जोकासी जलाशय भरला. शॉर्टियाच्या वस्तीचा मोठा भाग, मिशो यांच्या मूळ स्थळाच्या परिसरासह, पाण्याखाली गेला. जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या वरच्या भागांत ती टिकून आहे. दक्षिण कॅरोलिनातील डेव्हिल्स फोर्क राज्य उद्यानात तिच्या नावाची एक पायवाट आखलेली असून मार्च महिन्याच्या उत्तरार्धात तेथे ती फुललेली पाहता येते.